चिखलावरची पंगत

ही सफर नरिमन पॉइंटवरून सुरू करू नका. ओबेरॉय हॉटेल, एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची ती गाजलेली इमारत हे सगळं ज्या जमिनीवर उभं आहे, ती जमीन १९३९ साली जन्मालाच आलेली नाही. तिथून मागे गेलात तर थेट बॅकबेच्या पाण्यात पडाल, आणि मे महिन्याच्या अखेरीस फुगायला लागलेल्या त्या पाण्यात पोहणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. त्यापेक्षा चर्चगेटला लोकलमधून उतरा, वीर नरिमन रोडने सरळ पश्चिमेला चालत या आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्याला पाठ टेकून उभे राहा. तोंड इमारतींकडे. समुद्र नंतर बघता येईल, तो कुठे पळून जात नाही.

फक्त १९३९ला थांबायच्या आधी आणखी थोडं मागे जाऊ. चपला काढून हातात घ्या.

१९२५. कठडा गेला, रस्ता गेला, इमारती गेल्या. तुम्ही पोटऱ्यांपर्यंत करड्या चिखलात उभे आहात आणि वास असा आहे की रुमाल काढावासा वाटतो. पूर्वेला बी.बी.सी.आय. रेल्वेचे रूळ दिसतात. या रुळांच्या कुशीपर्यंत पूर्वी भरतीचं पाणी यायचं. गाडी अजून वाफेची आहे, बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावायला १९२८ उजाडेल. ही गाडी चर्चगेटला संपतही नाही, पुढे कुलाब्यापर्यंत जाते. पश्चिमेला वळलात तर समुद्रात घातलेला दगडांचा लांबच लांब बांध. तो दगड कांदिवलीच्या खाणीतून आगगाडीने आणलेला. आणि बांधाच्या आत, तुमच्यापासून थोड्या अंतरावर, एका जाड लोखंडी पाइपाच्या तोंडातून राखाडी रबडी भळाभळा बाहेर पडतेय. शहराच्या पलीकडच्या अंगाला, बंदरात, एक ड्रेजर समुद्राचा तळ उपसतोय. त्याला नाव दिलंय मागच्या गव्हर्नरसाहेबांचं : ‘सर जॉर्ज लॉइड’. तिथला गाळ कुलाब्याच्या जमिनीवरून पाइपातून ढकलत इथे आणायचा, बांधाच्या आत ओतायचा, तो बसला की झाली जमीन. कागदावर हिशेब चोख. आठ ब्लॉक, एकूण १,१४५ एकर.

पण पाइपाकडे नीट बघा. बरंचसं पाणीच येतंय. ठरवला होता तेवढा गाळ बंदरात निघत नाही, आणि जो येतो त्यातला काही दगडी बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात वाहून जातो. सरकार चिखल विकत घेतंय आणि समुद्राला परत देतंय. खर्चाचे आकडे फुगत चाललेत. शहरात लोक या प्रकाराला ‘लॉइड्स फॉली’ म्हणू लागलेत. खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाचा एक पारशी वकील वर्तमानपत्रांतून आणि कौन्सिलातून सरकारची लक्तरं काढतोय. १९२६ साली सर ग्रिमवुड मिअर्स यांची चौकशी समिती बसेल. योजनेतला एक बडा इंग्रज इंजिनिअर नरिमनांवर अब्रुनुकसानीची फिर्याद लावेल आणि १९२८ साली नरिमन निर्दोष सुटतील. आठांपैकी चार ब्लॉक, तीन ते सहा, सरकार गुपचूप सोडून देईल. पुढे त्याच भागात उशिरा भर घालून जी जमीन झाली, तिला नाव मिळालं नरिमन पॉइंट. तुम्ही आत्ता ज्या रस्त्याने चालत आलात त्यालाही त्यांचंच नाव. भरावाला ज्याने विरोध केला त्याच्या नावाने भराव ओळखला जावा, ही मुंबईची थट्टा मला तरी फार आवडते.

पाय धुवायला पाणी मिळणार नाही. चला पुढे.

मे १९३९. दुपारचे साडेतीन. चिखलाची जमीन झालीय, जमिनीवर रस्ता झालाय, आणि रस्त्याच्या पूर्वेला इमारतींची रांग जवळजवळ पुरी होत आलीय. उत्तरेचा केनेडी सी-फेस, पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांसमोरचा, हा आधीच १९२०पर्यंत झालेला. हा दक्षिणेचा भाग नवा कोरा. रंगाचा वास अजून हवेत आहे. मोटारी तुरळक, मध्येच एखादी व्हिक्टोरिया टापा वाजवत जाते. कठड्यावरून खाली वाकून बघा : लाटा सरळ दगडी भिंतीवर आपटतायत. तुमच्या ओळखीचे ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे कुठेच नाहीत. टेट्रापॉड यायला अजून वीस वर्षं आहेत.

आता इमारती. मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे अपेक्षाभंग व्हायला नको : यातली एकेक वेगळी काढून पाहिलीत तर फारशी ग्रेट नाही. ओव्हल मैदानासमोरची रांग कारागिरीने कितीतरी सरस आहे. इरॉस थिएटर तर गेल्या वर्षी, फेब्रुवारी १९३८ मध्ये उघडलंय आणि लोक अजून नुसतं बघायला येतात. मरीन ड्राइव्हची गंमत पंगतीत आहे. सगळे एका रेषेत, एका उंचीचे, मांडीला मांडी लावून, आणि कुणीही मान उंचावून पलीकडे बघत नाही. ही शिस्त आली कुठून? कुणा थोर नगररचनाकाराला समुद्रकिनारी स्वप्न पडलं म्हणून नव्हे. एवढा पैसा चिखलात घातल्यावर सरकारला भूखंड खपवायचे होते. त्यात मंदी, गिऱ्हाईक मिळेना. जे मिळाले त्यांना भाडेपट्टा देताना किती उंच बांधायचं, रस्त्यापासून किती मागे सरायचं, हे सगळं अटींमध्ये लिहून दिलं. १९३५ नंतर पैसा मोकळा झाला, शेठलोक पुढे आले आणि चार-पाच वर्षांत झपाट्याने रांग भरली. जे बांधायला स्वस्त, झटपट आणि दिसायला ‘लेटेस्ट’ ते बांधलं. त्या वेळी लेटेस्ट होतं हे, ज्याला आपण आज आर्ट डेको म्हणतो. तेव्हा इथे तसं कुणी म्हणत नाही, ‘मॉडर्न’ म्हणतात, संपलं.

दोन पुऱ्या झालेल्या इमारतींच्या मधे एक प्लॉट अजून उघडा आहे. रस्ता ओलांडा. काथ्याने बांधलेली बांबूची परांची, तिच्या आत चार मजल्यांचा सांगाडा, आणि आज पाचव्याचा स्लॅब पडतोय. पावसाच्या आत तो पडलाच पाहिजे, म्हणून सकाळपासून कुणी बसलेलं नाही. खाली लाकडी फळ्यांवर सिमेंट, रेती, खडी फावड्यांनी कालवतायत. तिथून बायकांची रांग फळ्यांच्या उतरंडीवरून थेट वरपर्यंत लागलीय. भरलेलं घमेलं एका डोक्यावरून दुसऱ्या हातात, रिकामं घमेलं झेललं जात खाली. तालात. एकीच्या पाठीला झोळीत पोर आहे, घमेली डोक्यावरून जातायत आणि ते शांत झोपलंय. तुम्ही आ वासून मधेच उभे राहिलात.

“ओ शेठ, बाजूला व्हा! माल येतोय!” मुकादम ओरडतो.

बाजूला व्हा. आणि बाजूला होताना तो सांगाडा बघून घ्या, कारण आठवड्याभरात तो विटांआड जाईल. जुन्या मुंबईत, फोर्टात नाहीतर गिरगावात, भिंतीच इमारतीचं ओझं पेलतात. म्हणून त्या जाड, म्हणून खिडक्या लहान. इथे ओझं खांबांवर आणि तुळयांवर आहे, भिंत नुसती पडद्यासारखी. म्हणून तर खिडकी कोपऱ्यावरून वळवता येते. बाल्कनी खालच्या आधाराशिवाय हवेत पुढे काढता येते, आणि काढायचीच तर चौकोनी कशाला, गोल काढू. १९३६ साली बऱ्याच सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली. सिमेंट आता इथलंच आहे, आणि त्याची जाहिरात जोरात आहे.

कोपऱ्यावरचा सूना महाल दोनच वर्षांपूर्वीचा. दोन रस्त्यांच्या टोकावर तो काटकोन न करता गोल वळतो, आणि वळणावर मनोऱ्यासारखा भाग वर काढलाय. आडव्या पट्ट्या इमारतभर पळतायत. या सगळ्या रांगेवर वेगाचं वेड आहे. बोटीच्या डेकसारखे नळीचे कठडे, मधेच गोल खिडकी, जणू आत केबिन आहे. विलायतेची बोट बॅलार्ड पियरला लागते, विमानाचं टपाल १९३२पासून येतंय. ज्याला बोटीचं तिकीट परवडत नाही त्याने निदान बोटीसारख्या घरात राहावं. हे थोडं हास्यास्पद आहे, मान्य. पण बोटीची नक्कल करणाऱ्या त्या दर्शनी भागावर एक अस्सल इथली वस्तू आहे, आणि ती पाहायला साडेतीनची वेळ बरोबर आहे. प्रत्येक खिडकीवरून काँक्रीटचा पातळ छज्जा गेलाय, भुवईसारखा, थेट कोपऱ्याला वळसा घालून. ही सगळी घरं पश्चिमेला तोंड करून बसलीत. दुपारचं ऊन सरळ तोंडावर, आणि पंधरा दिवसांनी नैर्ऋत्येकडून पाऊस आला की तोही तोंडावरच. आत्ता बघा : छज्ज्याची सावली बरोबर काचेवर उतरलीय आणि खिडकीचा वरचा भाग काळोखा झालाय. बाकी नक्षी फॅशन म्हणून आली, छज्जा मात्र गरज म्हणून आला. मायामीतही असे छज्जे आहेत, पण आषाढ नाही.

ही घरं काढली कुणी, हे विचारायला हवं. साहेबाने काढली असं अजूनही कुणीतरी सांगतं. काही गोऱ्या कंपन्या होत्याच. मागचं ब्रेबर्न स्टेडियम ग्रेगसन, बॅटली अँड किंग यांचं, १९३७चं, याच भरावावर, जमीन म्हणे चौरस वाराला साडेतेरा रुपयांनी. पण घरांच्या नकाशांवर सह्या बहुतेक इथल्याच पोरांच्या आहेत. जे.जे.मधून क्लॉड बॅटलींच्या हाताखालून बाहेर पडलेले पारशी, गुजराती, मराठी तरुण. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट गजानन बाबुराव म्हात्रे यांचं. १९०२चा जन्म, म्हणजे या मे महिन्यात सदतिशीच्या आसपासचे. फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे अँड भुता यांची, आणि तिच्यावरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. पारतंत्र्यात शहराचा दर्शनी चेहरा इथल्या माणसांनी इथल्या शेठांच्या पैशातून घडवला, आणि सरकारची भूमिका जागेच्या दलालाची. मला ही या रस्त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, छज्जाबिज्जा सगळं तिच्यानंतर.

आत चला. फाटकावर इमारतीचं नाव लोखंडी, लपेटदार अक्षरांत. नावं वाचत गेलात की वस्ती कळते. कपूर महाल, झवेर महाल, केवल महाल ही तिघं एकाच मेहता कुटुंबाची, १९३७ ते ३९ मधली. पारशी, गुजराती, मारवाडी, कच्छी, मधेच एखादा संस्थानिक. दरवाज्यावरच्या पाट्यांत मराठी आडनाव शोधायला बराच वेळ लागेल.

लॉबीत थंडावा आहे. खाली वाका आणि फरशी बघा. तुमच्याशिवाय कुणी बघत नाही. तीन रंगांतली कोनाकोनांची नक्षी, कडेला काळा पट्टा, पण दगड नव्हे, सिमेंट. अशा फरशा उरणला होतात. भारत टाइल्सवाले सिधवा काका-पुतणे १९२२ साली स्वदेशीच्या भरात या धंद्यात पडले, बाहेरून येणाऱ्या फरशीला तोड म्हणून. साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवायची, एकेका खणात एकेका रंगाचं पातळ सिमेंट हाताने ओतायचं, जाळी अलगद उचलायची, मागे कोरडं सिमेंट भरायचं आणि दाब द्यायचा. भट्टी नाही. जाळी उचलताना हात थरथरला तर रंग एकमेकांत जातो. तुमच्या पायाखाली उजवीकडून तिसऱ्या फरशीवर तसं झालंय : हिरवा किंचित तांबड्यात शिरलाय. बसवणाऱ्याने ती मुद्दाम भिंतीच्या कडेला लावलीय, तिथे कुंडी येईल अशा हिशेबाने.

सरकत्या जाळीच्या लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर. एक फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, दार उघडं आहे, कुणी अडवत नाही. समोर हॉल, त्याला लागून जेवणाची जागा, पुढे बाल्कनी आणि बाल्कनीभर समुद्र. झोपायच्या खोल्यांना लागून न्हाणीघर, आणि न्हाणीघरातच संडास. गिरगावातून कुणी मावशी बरोबर आणली असतीत तर ती इथे थबकली असती. “घरातच? आणि स्वयंपाकघर इतक्या जवळ?” मग, “देवघर कुठाय?” देवघर नकाशात नाही, कोनाडा तुमचा तुम्ही शोधायचा. दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरवलं होतं, नव्या घरात कसं राहायचं ते लोकांना दाखवायला. ते शिकवावं लागत होतं. वाड्यात, चाळीत, ओटीवर, गॅलरीत पसरलेलं आयुष्य आता एका दाराच्या आत आणायचं होतं, आणि त्या दाराला लॅच.

स्वयंपाकघराला आणखी एक दार आहे. ते उघडा. मागचा जिना. अरुंद, लोखंडी, नागमोडी, फरशी-बिरशी काही नाही. पुढे समुद्र, मागे हे. भांडी, कोळसा, बर्फाची लादी, भाजीची टोपली आणि गडीमाणसं या वाटेने येतात. खालून एकजण डोक्यावर टोपली घेऊन चढतोय. रत्नागिरीकडचा असावा. या घरांतून अशा माणसाला ‘रामा’ म्हणून हाक मारतात, मग त्याच्या आईने ठेवलेलं नाव काही का असेना.

“कोणाकडे आलात साहेब?” तो विचारतो. आणि मराठी उत्तर ऐकल्यावर थोडा मोकळा होतो. “पुढच्या जिन्यानं उतरा. हिकडनं तुम्ही पडाल. आमालापण पावसात धरून उतरावं लागतं.”

तो राहतो कुठे, विचारा. जिन्याखाली. महिन्याला गावी मनिऑर्डर जाते. बाल्कनीतून समुद्र दिसतो का, यावर तो हसतो : सकाळी धूळ पुसताना दिसतो की.

इमारतीच्या मागच्या बाजूला उतरलात की गल्ल्या. त्यांना नावं द्यायचाही कुणाला कंटाळा आलेला : ए रोड, बी रोड, सी रोड, असं जी पर्यंत. नकाशावरची अक्षरं तशीच राहिली.

संध्याकाळी पुन्हा कठड्यापाशी या, कारण आता या रस्त्याचे खरे मालक येतील. रेल्वेच्या पलीकडे ठाकूरद्वार, मुगभाट, झावबाची वाडी, सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. दहा बाय बाराच्या खोल्यांतून माणसं हवा खायला बाहेर पडतात. धोतर आणि कोट, नऊवारी, परकर-पोलकं, खाऱ्या दाण्यांच्या पुड्या. चौपाटीवर गर्दी आहे, तिथे लोकमान्यांना अग्नी दिला ती जागा, तिथे सभा, तिथे गडबड. इकडे कठड्यावर जरा निवांत. तुमच्या शेजारी दोन कारकून येऊन टेकलेत.

“एक ऑगस्टपासून दारूबंदी. खेर सरकारनं ठरवलंय म्हणजे होणार.”

“होऊ दे. आपण कधी घेत होतो? त्यांची पंचाईत.” दुसरा मानेने इमारतींकडे दाखवतो. मग जरा थांबून : “काय रे, मी इथं रोज येतो. त्या बाल्कनीत कुणी बसलेलं तू पाहिलंयस का कधी?”

दोघे बघतात. तुम्हीही बघा. शंभरेक बाल्कन्या, माणसं मोजून पाच-सहा. सूर्य बुडायला आलाय, सगळ्या रांगेवर तांबूस उजेड आहे, आणि तो उजेड नीट दिसतो तो फक्त इथून, कठड्यावरून. आतल्यांना समुद्र दिसतो, त्यांची इमारत दिसत नाही. पंगत बघायची सोय बाहेरच्यांनाच आहे, तीही फुकट.

तुम्हाला त्या कारकुनाच्या कानात काहीतरी सांगावंसं वाटेल. तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट रिकामा आहे. कर्ज काढ, घड्याळ विक, बायकोच्या पाटल्या मोड, पण भाड्याने घे. कारण तीन महिन्यांत युद्ध लागेल, आणि १९४७चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर खिळवून ठेवेल. त्या दिवशी जो भाडेकरू असेल त्याची नातवंडंही तेच भाडं भरत बसतील. पण सांगून उपयोग नाही. त्याच्या पगारात ते आजही बसत नाही.

पुढची वर्षं भराभरा ओलांडू.

डिसेंबर १९४३. रस्त्यावरचे दिवे झाकून मंद केलेत, काही इमारती लष्कराने ताब्यात घेतल्यात. पण दिवसा ब्रेबर्नकडून आरडाओरडा ऐकू येतोय : पेंटँग्युलरचे क्रिकेट सामने. सांगलीचे विजय हजारे ‘रेस्ट’कडून हिंदूंविरुद्ध एकट्याने ३०९ करतायत, संघाच्या ३८७ पैकी. दुसऱ्या टोकाला भाऊ विवेक, ज्याच्या तीनशेच्या भागीदारीत २१. हे चुकवू नका, तिकीट मिळालं तर आत जा, इमारती थांबतील.

स्वातंत्र्याच्या आसपास. शातो मरीनमध्ये नर्गिस राहते. कृष्णा महालाबाहेर गर्दी, कारण तळमजल्यावर सुरैया. हे बघे आर्किटेक्चर बघायला आलेले नाहीत. त्या घरातच सुरैया २००४पर्यंत राहिली. १९५०चं दशक सरता सरता क्रेनने टेट्रापॉड उतरवायला सुरुवात होते आणि लाटेचा आवाज बदलतो, आपटण्याऐवजी चुबकणं. सत्तरच्या दशकात दक्षिणेला नवे टॉवर चढले आणि पंगतीच्या टोकाला पहिल्यांदा कुणीतरी उभं राहिलं.

आणि आता, आज. ३० जून २०१८ला युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्हची पहिली रांग धरून ९४ इमारती जागतिक वारशात घेतल्या. २०१५ साली पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा शहराने केवढा गहजब केला होता! रंग परत पिवळा करावा लागला. दिव्यांसाठी भांडणारं शहर बाल्कन्यांबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. वर बघा : निम्म्या बाल्कन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद. छज्जे तोडून एसी बसवलेले. गोल कोपऱ्याला चौकोनी काच लावल्यावर काय होतं ते बघून मला दरवेळी राग येतो. अर्थात मी तिथे राहत नाही आणि पावसाळ्यात माझ्या पलंगावर पाणी येत नाही.

दोष एकट्या रहिवाशांचा नाही. म्हाडाच्या भाषेत या १९४०पूर्वीच्या, म्हणजे ‘ए’ वर्गातल्या उपकरप्राप्त इमारती. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात, १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ धरूनही, मालक लिफ्टचा दोर बदलू शकेल का याची शंका आहे. पागडी देऊन घर घेतलेला म्हणतो, मी का खर्च करू? आणि खारा वारा कुणासाठी थांबत नाही. काँक्रीटच्या बारीक भेगांतून मीठ आत जातं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि फुगताना वरचं काँक्रीट ढकलून पाडते. छज्जा सगळ्यात पातळ, म्हणून आधी तोच जातो. काहींना वाटतं, उंची वाढवू द्या, बिल्डर येईल, सगळं नवं करून देईल. माझ्या मते पंगतीतला एक जरी उठला तरी बाकीच्यांना बसवून ठेवणं कठीण होईल.

सिग्नलवर जपून. कोस्टल रोडचा बोगदा २०२४पासून सुरू झालाय आणि गाड्या चौपाटीकडून सुसाट येतात. पलीकडे एका इमारतीला परांची लागलीय, बांबूचीच. वर दोघे छिन्नी-हातोड्याने छज्ज्याचा सुटलेला थर काढतायत, आतली सळई तांबडी, खवले खवले झालेली. ब्रशने घासायची, गंजरोधक लावायचं, नवं मॉर्टर चढवायचं, इथपर्यंत एकमत आहे. कोपऱ्यावर आल्यावर काम थांबलंय. ठेकेदार खालून सांगतोय, इथे सरळ कापा, गोलाईला साचा बनवावा लागेल, दोन दिवस जातील. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई गाऊनवर दुपट्टा टाकून फुटपाथवर आल्यात.

“गोल होता. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून गोल आहे. गोलच करायचा.”

“आंटी, एस्टिमेटमध्ये गोल लिहिलेलं नाहीये.”

“मग लिहा.”

ठेकेदार फोन काढतो, बहुतेक सोसायटीच्या सेक्रेटरीला. वरचे दोघे छिन्नी बाजूला ठेवून विडी पेटवतात. बाई हलत नाहीत.